क्रीडामहोत्सव डिसेंबरात का नाही?

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा कार्यवाहांनी आत्ताच माझ्यापेक्षा सरस शब्दांत घेतला. त्यामुळे मिळालेला वेळ मी एका पत्राला उत्तर देण्यासाठी वापरणार आहे. पत्र आपल्यापैकीच काही माजी विद्यार्थ्यांचे आहे आणि त्यांपैकी बरेच जण समोर बसलेले मला दिसत आहेत. त्यांचे म्हणणे असे : शाळा स्थापन झाली त्या वर्षापासून वार्षिक क्रीडामहोत्सव डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होत आला, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे लेझीम घेऊन उभे राहण्याने आमची छाती भरली, मन घट्ट झाले, आता मात्र शाळेने महोत्सव फेब्रुवारीवर ढकलला आहे आणि मुलांना तळहातावरच्या फोडासारखे जपण्याचे हे लक्षण आहे. पत्राची भाषा आर्जवी आहे, पण आत राग आहे. तो मला समजतो. परंपरा मोडताना तिचे कारण सांगण्याचे ऋण मोडणाऱ्यावर असते, म्हणून आज उभी आहे.

कारण सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतली एक मुलगी लेझीम पथकात होती. वडील करोलबागेत गलाईचा व्यवसाय करतात, घर मूळचे विट्याकडचे. आपल्या शाळेत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. सचिवालयातल्या आणि तारखात्यातल्या नोकरदारांनी उभारलेली ही शाळा आज सोन्याचांदीच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांच्या लेकरांनी भरलेली आहे, याचा मला अभिमान वाटतो. नोव्हेंबरची सकाळ होती, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. मैदानाच्या या टोकावरून पलीकडच्या टोकाची भिंत दिसत नव्हती. मुलगी खोकत होती. मी तिला म्हटले, “थोडी सवय कर, म्हणजे दम वाढेल.” दुसऱ्या फेरीला ती खाली बसली. तिचा पंप, म्हणजे इन्हेलर, कार्यालयातल्या कपाटात होता. मुलांनी औषधे स्वतःजवळ ठेवायची नाहीत, असा लेखी आदेश मीच काढलेला होता. कपाटाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक बँकेत. कुलूप तोडून पंप हाती येईपर्यंत तिचे ओठ काळसर पडले होते. पुढे रुग्णालय, प्राणवायू, दोन दिवस. मुलगी वाचली. आज ती महाविद्यालयात शिकते. पण तिची आई त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या पायरीवर मला जे म्हणाली, ते अजून कानात आहे : “बाई, पंप तुमच्यापाशीच दिला हुता न्हवं?”

मी मराठीची एम. ए.; विज्ञानाशी माझी ओळख शालान्त परीक्षेपुरती. तरीही त्या घटनेनंतर मला हे समजून घेणे भाग पडले, की दिल्लीच्या हवेने त्या मुलीच्या छातीत नेमके काय केले. छातीच्या विकारांचे तज्ज्ञ असलेले आपलेच एक माजी विद्यार्थी माझ्यासाठी चार रविवार दुपारी शाळेत येऊन बसले. फळ्यावर त्यांनी चित्रे काढली, मी वहीत उतरवून घेतली. गुरुशिष्यांच्या जागा बदलल्या. त्या वहीतूनच आज बोलते आहे. चुकले तर दोष विद्यार्थिनीचा, शिक्षकाचा नव्हे.

माझी पहिली समजूत अशी होती की धूर छातीत जातो, चुलीवरच्या भांड्यासारखी काजळी धरते आणि श्वास अडतो. डॉक्टर हसले. म्हणाले, “बाई, प्रश्न काजळी साचण्याचा असता तर सगळ्या वर्गाला सारखाच त्रास झाला असता. त्या मुलीच्या श्वासनलिका कोणी बुजवल्या नाहीत, तिच्या शरीरानेच त्या आवळून धरल्या.” इथून पुढचे सारे त्या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

निरोगी माणसाच्या श्वासाबरोबरही परागकण, बुरशीचे बीजाणू, गादी-उशांत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा, झुरळांच्या अंगाचा चुरा असे नाना पदार्थ रोज आत जात असतात. ते घाणेरडे असतील, पण घातक नसतात. शरीर त्यांना ओळखते आणि सोडून देते. काही शरीरांची मात्र त्यांच्याविषयी गैरसमजूत होते. निरुपद्रवी पाहुण्याला ते शत्रू समजतात. या प्रकाराला व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव दिले. आपल्या घरात आजी ‘वावडे’ म्हणते तेच हे; आणि मला तो शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्यात दोष पदार्थाचा नसून तो न सोसणाऱ्याचा आहे, हे आपसूक सांगितलेले असते.

ही गैरसमजूत कशी रुजते? श्वासनलिकेच्या अस्तराखाली फांद्या फुटलेल्या झाडासारख्या दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असतात. त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्यांचे निधन होऊन तीनच दिवस झाले होते आणि समितीला त्याची वार्ताही नव्हती. या पेशींचे काम जासुदाचे. आत आलेल्या पदार्थाचा तुकडा त्या उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. पण नुसता तुकडा दाखवून भागत नाही; कोणत्या परिस्थितीत तो सापडला, हेही त्या सांगतात. शांततेत सापडला असेल तर टी-पेशी त्याला सोडून द्यायला शिकतात. धोक्याच्या घंटा वाजत असताना सापडला असेल तर त्याच्याविरुद्ध फौज उभी करायला शिकतात.

आणि घंटा वाजवण्याचे काम धूर करतो.

डिझेलच्या धुरातील कण इतके बारीक असतात की त्यांची कल्पना करणे अवघड. आपण ज्यांना पीएम २.५ म्हणतो, ते अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान. माणसाचा केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड. डिझेलचे पुष्कळसे कण तर एका मायक्रॉनपेक्षाही कितीतरी लहान असतात. मध्ये कोळशाचा गाभा आणि त्याच्या अंगाला चिकटलेली अर्धवट जळलेली हायड्रोकार्बने व धातू. नाकातले केस आणि घशातला कफ यांना चुकवून ते खोल उतरतात. तिथे अस्तराच्या पेशींना रासायनिक इजा होते, पेशीपेशींमधले सांधे सैल होतात आणि दुखावलेल्या पेशी हाकाटी करतात. त्या हाका म्हणजे काही प्रथिने आहेत : टीएसएलपी, इंटरल्युकिन-३३, इंटरल्युकिन-२५. नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही. त्या हाका ऐकलेली डेंड्रायटिक पेशी नेमक्या त्या क्षणी शेजारून चाललेला परागकण उचलते आणि गुन्हेगार म्हणून हजर करते, एवढे लक्षात ठेवावे. इजा केली धुराने, नाव लागले परागकणाचे.

शाळेत हे मी अनेकदा पाहिले आहे. वर्गात काच फुटते. फोडणारा पसार होतो आणि खिडकीशी उभा असलेला पकडला जातो. आपण शिक्षक दुसऱ्या दिवशी चूक सुधारू शकतो. शरीराची स्मरणशक्ती मात्र फार चिवट.

आरोप नोंदला गेला की पुढची साखळी आपोआप चालते. ग्रंथीतल्या काही टी-पेशी ‘मदतनीस टी-२’ या प्रकारच्या बनतात. खरे तर ही फौज जंतांसारख्या परजीवींशी लढण्यासाठी आहे, इथे ती फुलांच्या धुळीवर सोडली जाते. त्या जी रसायने सोडतात, त्यांपैकी एक बी-पेशींना आयजीई नावाचे प्रतिपिंड करायला लावते. दुसरे इओसिनोफिल नावाच्या दाहक पेशींना रक्तातून छातीत बोलावते. तिसरे कफ वाढवते आणि श्वासनलिकेचे स्नायू हळवे करते. आयजीईचा शोध किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे लावला, आणि त्यासाठीच्या चाचण्या त्यांनी स्वतःच्या कातडीवर घेतल्या. प्रयोगशाळेतल्या अशा जोडप्यांविषयी आपण मुलांना फार कमी सांगतो, असे मला वाटते.

हे आयजीई मास्ट पेशींच्या अंगावर काट्यांसारखे जाऊन बसते आणि वाट पाहत राहते. पुढच्या वेळी तोच परागकण आला, की काही मिनिटांतच मास्ट पेशी हिस्टामीन आणि तत्सम द्रव्ये ओततात. स्नायू आवळतात, अस्तर सुजते, कफ दाटतो. काही तासांनी इओसिनोफिलांची दुसरी लाट येते. दिवसा मैदानावर थोडेसे खोकलेले मूल रात्री दोन वाजता उठून खिडकीशी का बसते, याचे उत्तर पुष्कळदा या दुसऱ्या लाटेत असते. पालकांनी हे ध्यानात ठेवावे. सकाळी ‘आता बरे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाचा दिवस तिथे संपलेला नसतो.

आता कोणी विचारील, हे सारे फळ्यावरचे झाले, माणसांत असे घडते याला पुरावा काय? मीही विचारले. पहिला धागा जपानचा. निक्को येथे सतराव्या शतकात लावलेले देवदारासारख्या सुगी वृक्षांचे प्रसिद्ध राजमार्ग आहेत. या झाडांच्या परागांचे वावडे जपानमध्ये फार पसरलेले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की जिथे हीच झाडे होती आणि वाहनांची वर्दळही होती, तिथल्या रहिवाशांना हे वावडे अधिक होते. जिथे झाडे दाट पण रहदारी विरळ, तिथे कमी. पराग दोन्हीकडे. फरक धुराचा. त्याच्या वर्षभर आधी जपानमध्येच उंदरांवर दाखवले गेले होते, की डिझेलच्या कणांबरोबर दिलेल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई अधिक तयार होते.

दुसरा पुरावा मला विलक्षण वाटला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड डायझ-सँचेझ, अँड्र्यू सॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याची माणसाच्या शरीराशी कधी गाठ पडलेली नाही, असा पदार्थ त्यांना हवा होता. कारण जुन्या वावड्यात धुराचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण. त्यांनी एका सागरी गोगलगायीच्या रक्तातले प्रथिन निवडले. मुळातच अ‍ॅलर्जीकडे कल असलेले पंचवीस जण घेतले. दहा जणांच्या नाकात फक्त ते प्रथिन घातले, पंधरा जणांना आधी डिझेलचे कण दिले आणि मग प्रथिन. पहिल्या दहांच्या शरीराने त्या प्रथिनाची साधी दखल घेतली, आयजीई एकाच्याही बाबतीत तयार झाले नाही. दुसऱ्या पंधरांपैकी नऊ जणांत ते झाले. म्हणजे जे वावडे त्यांना कधी नव्हते, ते धुराच्या साक्षीने नव्याने शिकवले गेले. ‘शिकवले गेले’ हा शब्द मी शिक्षिका म्हणून जपून वापरते आहे.

तिसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. शरीरात नियामक टी-पेशी नावाची एक मंडळी असते. भडकलेल्या फौजेला ‘आता पुरे’ असे सांगणे हे त्यांचे काम. अमेरिकेतील फ्रेस्नो हे शेतीच्या खोऱ्यातले शहर तिथल्या वाईट हवेसाठी ओळखले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील कारी नादो यांच्या गटाने २०१० मध्ये तिथल्या दमेकरी मुलांची तुलना स्वच्छ हवेच्या पालो आल्टो भागातील मुलांशी केली. फ्रेस्नोच्या मुलांतील नियामक पेशी दुबळ्या पडलेल्या आढळल्या. त्या पेशींना त्यांचे काम नेमून देणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा चढून ते दबले गेले होते. म्हणजे धूर एकीकडे भांडण लावतो आणि दुसरीकडे भांडण सोडवणाऱ्याचे तोंड बांधतो.

इथे एक खुलासा अवश्य करायला हवा. धुरात राहणाऱ्या प्रत्येकाला दमा होत नाही. आनुवंशिकता आहे, लहानपणीचे विषाणुसंसर्ग आहेत, घरातली ओल आहे. ज्याला दमा आहे त्याचा धुराने तो वाढतो, याविषयी आज शंका उरलेली नाही. निरोगी मुलात तो धुरानेच निर्माण होतो का, याविषयी पुरावा वाढत असला तरी प्रत्येक मुलामागे कारण वेगळे काढून दाखवता येत नाही. तथापि २०२० च्या डिसेंबरात लंडनच्या मृत्युसमीक्षकांनी एला आडू-किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीच्या २०१३ मधील मृत्यूच्या कारणांत दम्याबरोबर हवेच्या प्रदूषणाचा स्पष्ट उल्लेख केला. ती एका वाहत्या महामार्गाजवळ राहत होती. तिच्या आईने सात वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कागदावर ते दोन शब्द आले.

आता पत्रातील सर्वांत ठसठशीत वाक्याकडे वळते : “आम्हीही धुळीतच वाढलो, आम्हाला काय झाले?” माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही धुळीत वाढलात हे खरे, आणि ती धूळ तुमच्या उपयोगीच पडली असेल. हे विनोदाने म्हणत नाही. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे मूळ युरोपातले, रक्त जवळचे, राहणी साधी. आमिश घोड्यांनी शेती करतात आणि मुले गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती यंत्रांची, गोठे घरापासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिलेले दम्याचे प्रमाण आमिश शाळकरी मुलांत ५.२ टक्के, तर हटराइट मुलांत २१.३ टक्के होते. इतकेच नव्हे, आमिश घरांतली धूळ उंदरांना हुंगवली तेव्हा त्यांचे अ‍ॅलर्जीपासून रक्षण झाले. गोठ्यातली धूळ शरीराला सोसायला शिकवते, असे दिसते. तुमच्या आजोळच्या शेणामातीची धूळ आणि रिंगरोडवरची धूळ यांना भाषेत एकच शब्द आहे, एवढीच अडचण.

शिवाय साठ वर्षांपूर्वी या फाटकाशी सायकली लावल्या जात. नव्वदच्या दशकात शिकलेल्यांना आयटीओच्या चौकात डोळे चुरचुरल्याचे आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये आदेश दिला आणि २००२ अखेर दिल्लीच्या शहर बसगाड्या सीएनजीवर आल्या. काही वर्षे आकाश उजळलेही. मग वाहनांची संख्या त्या सुधारणेला गिळून बसली. हिवाळ्यात त्यात पंजाब-हरियाणातील पराळीचा धूर, फटाके, कचऱ्याच्या शेकोट्या यांची भर पडते आणि वारा थांबतो. आपल्या देशाच्या निकषानुसार पीएम २.५ चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार १५ हून. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दिल्लीतले कित्येक दिवस यांच्या अनेक पट असतात.

आणि आपण पहाटे लेझीम घेत होतो. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि रात्रभराचा धूर सकाळी मुलांच्या उंचीवर उभा असतो. दुपारी ऊन पडून तो थर वर सरकतो. धावणारे मूल बसलेल्या मुलाच्या कित्येक पट हवा ओढते, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची चाळण वगळून. आपल्या शाळेतली सर्वांत वाईट वेळ आणि सर्वांत मोठा श्वास, यांची गाठ साठ वर्षे घातली गेली, कोणाचाही हेतू वाईट नसताना.

उन्हाळ्यात हिशेब उलटतो. तेव्हा दुपारच्या उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन तयार होतो, आणि तोही अस्तराला तशीच इजा करतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील बारा वस्त्यांमधील ३५३५ निर्दमा मुलांचा पाच वर्षांपर्यंत मागोवा घेऊन २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. ओझोन जास्त असलेल्या वस्त्यांत तीन वा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा जडण्याचे प्रमाण न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. ओझोन कमी असलेल्या वस्त्यांत खेळण्याने काहीही बिघडले नाही. एका अभ्यासावर साऱ्याचा निवाडा करू नये हे मान्य. पण खेळ वाईट नाही, हवा वाईट आहे, हे इतक्या सरळ शब्दांत मी दुसरीकडे वाचले नाही. आणि त्याच प्रदेशात पुढे हवा सुधारली तेव्हा नंतरच्या पिढीतल्या मुलांची फुप्फुसे अकरा ते पंधरा या वयात अधिक वाढली, असेही २०१५ मध्ये दिसून आले. म्हणून मी खेळ बंद केलेले नाहीत, त्यांच्या वेळा बदलल्या आहेत. हिवाळ्यात मैदान दुपारी, एप्रिलपासून ते सकाळी. निर्देशांक दोनशेच्या वर गेला की धावणे-लेझीम थांबते. वर्गात बसून सूर कसून घेतात, कवायतीचे ताल बाकांवर वाजवतात. वर्गातली हवा फार शुद्ध असते असे नाही, पण तिथे मुले दमून हवा ओढत नाहीत.

फेब्रुवारी निवडताना एक अडचण होती, ती लपवत नाही. फेब्रुवारी-मार्च हा दिल्लीत वावळाच्या परागांचा काळ. इथे त्याला पापडी किंवा चिलबिल म्हणतात, आणि दिल्लीतल्या दमेकऱ्यांपैकी अनेकांना त्याचे वावडे असते. मी डॉक्टरांना विचारले, मग आगीतून फुफाट्यात तर नाही ना? ते म्हणाले, “परागांचा दिवस असेल, पण वारा वाहता असेल. ज्यांना वावडे आहे त्यांनी औषध आधीपासून नियमित घ्यावे.” मैदानाच्या कुंपणाशी असलेले आपले जुने वावळ तोडण्याची सूचना एका पालकांनी केली होती. ती मी मान्य केली नाही. काच त्याने फोडलेली नाही.

गलाईच्या धंद्यातील पालकांशी दोन शब्द. चांदी-तांबे तेजाबात टाकले की जो तपकिरी वाफारा उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तोही परागांविरुद्धचा छातीचा त्रास वाढवतो. धंदा सोडा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? या शाळेच्या नव्या वर्गखोल्या तुमच्या देणग्यांवर उभ्या आहेत. पण भट्टीच्या वरच्या माळ्यावर मुलांचे अंथरूण नसावे, धुराडे वर नेऊन सोडावे आणि तेजाबाचे काम मुले घरी असताना होऊ नये, एवढे आपल्या हातात आहे. त्या मुलीच्या वडिलांनी दुसऱ्याच महिन्यात बिऱ्हाड वेगळ्या गल्लीत हलवले, भाडे दुप्पट देऊन.

पंपाविषयीही बोलायला हवे, विशेषतः मुलींच्या आयांशी. ‘पंपाची सवय लागते’, ‘लोकांना कळले तर सोयरीक जमायची नाही’, अशा भीतीने पंप दप्तराच्या तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवलेला मी पाहिला आहे. रोज घ्यायचा पंप छातीतल्या दाहक पेशींना शांत ठेवतो. निकडीचा पंप आवळलेले स्नायू सोडवतो. दोहोंची कामे वेगळी, आणि कोणता केव्हा घ्यायचा हे डॉक्टरच सांगतील. माझे काम इतकेच, की तो मुलाच्या हाताशी असावा. तो जुना आदेश मी माझ्याच सहीने रद्द केला आहे. दमेकरी मुलाचा निकडीचा पंप आता त्याच्या खिशात असतो, दुसरा क्रीडाशिक्षकांच्या कमरेच्या पिशवीत, आणि कार्यालयातल्या त्या कपाटाला कुलूप नाही.

शेवटची सूचना व्हॅनचालक आणि गाडी घेऊन येणाऱ्या पालकांसाठी आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी वीस-पंचवीस वाहने इंजिन चालू ठेवून उभी असतात आणि लहान गटाची मुले नेमकी त्यांच्या धुराड्यांच्या उंचीची असतात. येत्या सोमवारपासून फाटकापासून पन्नास पावलांच्या आत इंजिन बंद ठेवावे लागेल. आठवी-नववीची मुले तिथे फलक घेऊन उभी राहतील. ती तुम्हाला नम्रपणे सांगतील. एकदा सांगून ऐकले नाही तर मी स्वतः खाली येईन. पत्र लिहिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारचे आमंत्रण आजच देऊन ठेवते. लेझीम पथकात यंदा जुन्यांसाठीही एक रांग राखली आहे. सराव दुपारी तीनला.